अर्धा बांधलेला कोट आणि इंग्रजांचं आरमार: सलिव्हन बेट, २८ जून १७७६

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्ग, जंजिरा यांचे चिरेबंदी तट तोफांना पुरून उरले हे समजतं. पण अमेरिकेत १७७६ साली चार्ल्स टाउनच्या बंदरात चारशे-साडेचारशे बंडखोर वसाहतवाल्यांनी ताडाच्या जातीच्या ओंडक्यांचा अर्धवट कोट लढवून ब्रिटिश आरमार परतवलं. लाकूड मऊ होतं, गोळे त्यात रुतून बसले, एवढंच कारण सगळीकडे वाचायला मिळतं. हे पटण्यासारखं आहे का?

अर्धंच पटण्यासारखं आहे. माझी सगळी नोकरी नौदलात, तोफांच्या शाखेत झाली. निवृत्तीनंतर कोकणातले जलदुर्ग पाहण्याचा आणि समजून घेण्याचा नाद लागला, त्यामुळे या लढाईकडे मी दोन्ही अंगांनी पाहतो: जहाजावरच्या गोलंदाजाच्या आणि तटावरच्या. लाकडाची गोष्ट सांगायला सोपी आहे म्हणून ती टिकली. निकाल मात्र पाण्याच्या खोलीनं आणि बारुदाच्या हिशेबानं लावला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जागा समजून घेऊ. चार्ल्स टाउन, म्हणजे आजचं चार्ल्स्टन, ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. बंदराच्या तोंडाबाहेर समुद्रात वाळूचा लांबलचक दांडा आडवा पडलेला. तो ओलांडून आत आलं की खोल पाण्याची वाट सलिव्हन बेटाच्या दक्षिण टोकाला लागून जाते. मोठ्या जहाजाला शहराकडे जायचं तर त्या टोकाखालून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोट तिथेच बांधायला घेतला होता.

इंग्रजांची मोहीम मुळात चार्ल्स टाउनसाठी निघालेली नव्हती. उत्तर कॅरोलायनातल्या राजनिष्ठ वसाहतवाल्यांना हात द्यायचा बेत होता. पण आयर्लंडहून कमोडोर सर पीटर पार्करची जहाजं वादळांत रखडत येईपर्यंत, फेब्रुवारी १७७६ मध्ये मूर्स क्रीक पुलावर त्या लोकांचा पाडाव झालेला होता. हात हलवत परत जाण्यापेक्षा चार्ल्स टाउनचा किल्ला घेऊ, असं पार्कर आणि सेनापती हेन्री क्लिंटन यांनी ठरवलं. जूनच्या सुरुवातीला आरमार दांड्याबाहेर येऊन थांबलं. नऊ लढाऊ जहाजं: ५० तोफांची ब्रिस्टल आणि एक्सपेरिमेंट ही दोन मोठी, ॲक्टिव्ह, सोलबे, ॲक्टिऑन आणि सायरन ही २८ तोफांची चार, त्यांहून लहान स्फिंक्स आणि फ्रेंडशिप, आणि थंडर नावाचं उखळी तोफांचं जहाज.

आता पहिली अडचण. ५० तोफांचं जहाज पाण्यात खोल बसतं. ब्रिस्टलला दांडा ओलांडता येईना, तेव्हा तिच्यावरच्या तोफा उतरवून तिला हलकं करावं लागलं आणि आत आल्यावर त्या पुन्हा चढवाव्या लागल्या. एक्सपेरिमेंट तर फार उशिरा येऊन पोचली. त्यात वारा प्रतिकूल. आरमार दिसल्यापासून पहिला गोळा सुटेपर्यंत जवळजवळ चार आठवडे गेले. कोटाच्या शिबंदीला मिळालेली सगळ्यात मोठी कुमक हीच. त्या चार आठवड्यांत तट उभा राहिला.

उभा राहिला म्हणजे काय, तेही नीट सांगतो. आखणी चौकोनी होती, चारी कोपऱ्यांना बुरूज. पामेटोच्या, म्हणजे त्याच ताडजातीच्या झाडाच्या, ओंडक्यांच्या दोन समांतर भिंती, त्यांमध्ये १६ फुटांचं अंतर, आणि ते अंतर वाळूनं भरलेलं. हल्ल्याच्या दिवशी यांतल्या पाण्याकडच्या दोनच बाजू पुऱ्या झाल्या होत्या; मागच्या दोन बाजू जेमतेम सात फुटांच्या. ओंडके तोडून, तराफे करून आणले आणि ते रचण्याचं कष्टाचं काम शिपायांच्या जोडीनं गुलाम आफ्रिकी मजुरांनी केलं. स्वातंत्र्यासाठी उभारलेलं निशाण ज्या भिंतीवर फडकलं ती भिंत गुलामांच्या हातची आहे. ही लढाई सांगताना हे वगळणं मला बरोबर वाटत नाही.

शिबंदी सुमारे ४३५ माणसांची. किल्लेदार कर्नल विल्यम मोल्ट्री. यांतले बहुतेक दक्षिण कॅरोलायनाच्या दुसऱ्या रेजिमेंटचे, म्हणजे पायदळाचे. खऱ्या तोफखान्यातली माणसं वीस-बावीसच. बाकीच्यांना तोफा चालवायला तिथेच शिकवलं. कोटात ३१ तोफा होत्या, ९ पौंडी गोळ्यापासून २६ पौंडी गोळ्यापर्यंतच्या, वेगवेगळ्या देशांच्या आणि वेगवेगळ्या तोंडाच्या. दारूकोठारावर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट काय त्रासाची असते ते कळेल: प्रत्येक तोफेचा गोळा वेगळा, बारुदाचं माप वेगळं, आणि गर्दीत एकाची थैली दुसऱ्याकडे गेली की संपलं.

काँटिनेंटल सैन्याचा, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या एकत्रित फौजेचा, जनरल चार्ल्स ली पाहणीला आला तेव्हा त्याला हा कोट म्हणजे कत्तलखाना वाटला. तो रिकामा करा असं त्याचं म्हणणं. पूर्वी ब्रिटिश सैन्यात लढलेला हा माणूस उगाच बोलत नव्हता. मागची बाजू उघडी, बेटावरून मुख्य भूमीकडे परतायला पूल नाही. शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. प्रांताचे अध्यक्ष जॉन रटलेज अडून बसले. त्यांनी मोल्ट्रीला कळवलं की माझ्या हुकुमाशिवाय कोट सोडायचा नाही, आणि तसा हुकूम लिहिण्याआधी मी माझा हात तोडून टाकीन. लेम्प्रिअर नावाचा एक अनुभवी दर्यावर्दी कप्तान कोट पाहून म्हणाला की ही जहाजं शेजारी येऊन उभी राहिली की अर्ध्या तासात हा कोट जमीनदोस्त होईल. मोल्ट्रीचं उत्तर असं की मग आम्ही ढिगाऱ्याआड पडून राहू आणि त्यांना उतरू देणार नाही.

२८ जूनला सकाळी अकराच्या सुमारास जहाजं पुढे सरकली. थंडरनं दूरवर, सुमारे दीड मैलावर, नांगर टाकून उखळी गोळे टाकायला सुरुवात केली. ॲक्टिव्ह, ब्रिस्टल, एक्सपेरिमेंट आणि सोलबे या चौघींनी साधारण चारशे यार्डांवर नांगर टाकून कोटाकडे बाजू केली. कागदावरच्या हिशेबानं या चार जहाजांच्या एका बाजूच्या ७८ तोफा कोटावर रोखलेल्या होत्या.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. चारशे यार्ड म्हणजे १२०० फूट. नांगरलेलं जहाज शांत पाण्यातही डुलतं. बत्ती दिल्यापासून गोळा सुटेपर्यंतच्या क्षणात जहाज एक अंशानं कललं, तर १२०० फुटांवर गोळा २१ फूट वर किंवा खाली जातो. म्हणजे एक तर तटावरून पलीकडे, नाही तर पुढच्या वाळूत. कोटावरची तोफ जमिनीत पाय रोवून उभी. तिच्यामागचा माणूस नेम धरतो, गोळा कुठे पडला ते पाहतो, पाचर थोडी सरकवतो आणि पुढचा गोळा दहा फूट अलीकडे आणतो. अशी दुरुस्ती करायला लागतो तो वेळ. आणि वेळ घेणं मोल्ट्रीच्या माणसांना भागच होतं, कारण बारूद नव्हतं.

मोल्ट्रीनं लिहून ठेवलंय की त्याच्याकडे ४६०० पौंड बारूद होतं, त्यानं हिशेबात धरलेल्या २६ तोफांना २८-२८ बार पुरतील इतकंही नाही. आपण २८ धरून हिशेब करू. २६ तोफा, ७२८ बार. लढाई चालली रात्री साडेनऊपर्यंत, म्हणजे साडेदहा तास. एका तोफेच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटांत एक बार. दिवसभरात आणखी सुमारे ७०० पौंड आलं: काही डिफेन्स नावाच्या शिडाच्या जहाजाकडून, ५०० पौंड शहरातून. त्या ५०० पौंडांबरोबर रटलेजची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीच्या शेवटी सल्ला: तोफा उधळू नका, थंड डोक्यानं नुकसान करा. आकडेवारी अशी दिली जाते की आरमारानं त्या दिवशी सुमारे ३४००० पौंड बारूद उडवलं आणि कोटानं सुमारे ४७६६ पौंड. सातपट.

दुपारी तीनच्या पुढे कोटाचा मारा जवळजवळ थांबला. क्लिंटनचे शिपाई बेटावर उतरल्याची आवई आली होती, आणि ते चालून आले तर बंदुकांना तरी बारूद हवं म्हणून मोल्ट्रीनं तोफा आवरल्या. जहाजांवर समज झाला की कोट गप्प पडला. तसा तो पडलेला नव्हता. शहरातलं बारूद पोचलं आणि तोफा पुन्हा सुरू झाल्या. त्या मधल्या वेळात पार्करनं जहाजं आणखी जवळ घेतली असती तर वरच्या डोलकाठ्यांवरून छऱ्यांचा मारा करून तटामागची माणसं हटवता आली असती, असं मला वाटतं. पण वाट दाखवणारे खलाशी उथळ पाण्याला भिऊन जवळ न्यायला तयार नव्हते. पुन्हा पाण्याची खोली.

तटावरून दिवसभर एकच हाक फिरत होती: कमोडोरकडे लक्ष द्या, दोन मोठ्या जहाजांकडे लक्ष द्या. कमी बारुदाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. नऊ जहाजांवर मारा वाटला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. ब्रिस्टलच्या नांगराला लावलेला, तिची बाजू कोटाकडे धरून ठेवणारा दोरखंड गोळ्यानं तुटला आणि ती फिरून तिची मागची बाजू कोटाकडे आली. लाकडी लढाऊ जहाजाची पाठ हा तिचा सगळ्यात नाजूक भाग. तिथून आत शिरलेला गोळा जहाजाच्या पूर्ण लांबीत माणसं आणि तोफा कापत जातो, आणि त्या अवस्थेत जहाजाला उलट मारा करता येत नाही. एका वेळी तर मागच्या डेकवर पार्कर सोडून एकही माणूस उभा नव्हता. ब्रिस्टलचा कप्तान मॉरिस हात गमावून मरण पावला. एक्सपेरिमेंटच्या कप्तान स्कॉटचाही हात गेला. प्रांताचा हाकललेला राजनियुक्त गव्हर्नर लॉर्ड विल्यम कॅम्पबेल ब्रिस्टलवर स्वतःहून एका तोफेवर उभा राहिला होता, तो जखमी झाला. ब्रिस्टलवर ४० मेले, ७१ जखमी. एक्सपेरिमेंटवर २३ मेले, ५६ जखमी. कोटात १२ मेले, २५ जखमी.

आता लाकडाबद्दल. जहाजाचं ओक लाकूड गोळा लागला की फुटतं आणि हातभर लांबीच्या टोकदार चिपा सुटतात. जहाजावर गोळ्यापेक्षा या चिपांनी जास्त माणसं मरत. पामेटोचं खोड आपल्या माडासारखं तंतूंचं. ते फुटत नाही, दबतं, आणि त्याच्यामागची १६ फूट वाळू गोळा गिळते. इथवर प्रचलित गोष्ट खरी आहे. पण खुद्द मोल्ट्री लिहितो की तीन-चार जहाजांचे बार एकाच क्षणी तटावर आदळले तेव्हा तट असा थरारला की आणखी काही वेळा असंच झालं तर तो ढासळेल की काय अशी भीती वाटली. म्हणजे तट अभेद्य नव्हता. तो टिकला, कारण असे एकत्र बार फार वेळा बसले नाहीत, आणि कारण सगळा मारा त्याच्या बांधून झालेल्या तोंडावरच झाला.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पार्करच्या बेतात आणखी तीन जहाजं होती. ॲक्टिऑन, सायरन आणि स्फिंक्स यांनी कोटाला वळसा घालून पश्चिमेला जायचं आणि तिथून तटाच्या आतल्या बाजूनं, फांजीच्या, म्हणजे तटामागच्या वाटेच्या, लांबीत मारा करायचा. तिकडे तट नव्हताच. मोल्ट्री कबूल करतो की ही जहाजं तिथे पोचली असती तर त्याच्या माणसांना तोफा सोडून पळावं लागलं असतं. ती पोचली नाहीत. वळसा घालताना तिन्ही एकमेकींत गुंतली आणि मधल्या वाळूच्या उथळावर रुतली. पुढे फोर्ट समटर बांधला तो याच उथळावर. सायरन आणि स्फिंक्स काही तासांनी सुटल्या, स्फिंक्सनं पुढची आडवी काठी गमावली. ॲक्टिऑन निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याच लोकांनी तिला आग लावली. वसाहतवाले होडीतून तिच्यावर चढले, तिच्याच तोफा ब्रिस्टलवर डागल्या, घंटा आणि शिडं काढून आणली, आणि ते उतरल्यावर थोड्या वेळानं तिचं दारूकोठार उडालं.

थंडरचे उखळी गोळेही वाया गेले. पल्ला गाठण्यासाठी बारूद जास्त भरलं, त्या धक्क्यानं उखळी तोफेचा पाया फुटला. जे गोळे कोटात पडले त्यांतले बहुतेक आवाराच्या मधोमध असलेल्या दलदलीत बुडाले आणि वाती विझल्या. मराठी वाचकाला इथे फेब्रुवारी १७५६ चं विजयदुर्ग आठवावं. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमारातून आलेला गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, आग एकातून दुसऱ्यात गेली आणि तुळाजींचं सगळं आरमार जळालं. वाघोटनच्या खाडीत जहाजांना जवळ यायला पुरेसं पाणी होतं, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज उभी होती. विजयदुर्गाचा तट पामेटोच्या कोटापेक्षा कितीतरी मजबूत. तरीही दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

क्लिंटनचं काय झालं, तेही थोडक्यात. दोन हजारांवर शिपाई घेऊन तो शेजारच्या लाँग आयलंडवर उतरला होता. मधली खाडी ओहोटीला दीड फूट खोल असते, शिपाई चालत ओलांडतील, अशी खबर होती. प्रत्यक्षात तिथे सात फूट पाणी निघालं. होड्या मोजक्या. पलीकडे कर्नल टॉमसनची सुमारे ७८० माणसं, त्यांत कटॉबा जमातीचे आदिवासी योद्धेही, आणि दोन तोफा. क्लिंटनच्या लोकांनी प्रयत्न केला आणि मार खाऊन मागे फिरले. त्या दिवशी लाँग आयलंडवर उभं राहून हे पाहणाऱ्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिस होता. सोळा वर्षांनी, १७९२ मध्ये, श्रीरंगपट्टणापुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांच्या जोडीनं टिपूला तहाला आणणारा कॉर्नवॉलिस तो हाच.

कोटाच्या आतला दिवस कसा गेला, त्याचे एक-दोन तपशील मोल्ट्रीनंच दिलेत. कडक उन्हाळा. आग विझवायच्या बादल्यांतून तटावर रम-पाणी फिरवलं जात होतं. जनरल ली मधेच एकदा होडीतून आला, दोन-तीन तोफांचा नेम स्वतः धरून पाहिला, आणि कर्नल, तुमचं इथे उत्तम चाललंय, माझी गरज नाही, असं म्हणून परत गेला. निशाणाची काठी गोळ्यानं तुटून निशाण तटाबाहेर पडलं, तेव्हा सार्जंट विल्यम जॅस्पर माऱ्यात बाहेर उतरला, ते उचलून आणलं आणि तोफेची नळी पुसायच्या दांड्याला बांधून पुन्हा उभं केलं. हे दृश्य शाळेच्या पुस्तकांत गेलं. मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते काम वीस-वीस मिनिटं थांबून नेम धरणाऱ्या बिनओळखीच्या पायदळ शिपायांचं. समोर ७८ तोफा धडधडत असताना आपली तोफ भरलेली ठेवून हुकुमाची वाट पाहणं किती अवघड असतं, हे तोफेजवळ उभं राहिलेल्यालाच कळतं.

रात्री अकराच्या सुमारास जहाजांनी नांगर सोडून देऊन माघार घेतली. सहा दिवसांनी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. या लढाईची बातमी तिकडे त्यानंतर पोचली. कोटाला मोल्ट्रीचं नाव मिळालं, पामेटो दक्षिण कॅरोलायनाच्या झेंड्यावर गेला, आणि २८ जून तिथे आजही कॅरोलायना दिन म्हणून पाळतात.

माझं म्हणणं तपासायचं असेल तर १७८० पाहा. क्लिंटन पुन्हा आला, या वेळी दक्षिणेला दूर उतरून जमिनीवरून शहराच्या पाठीशी. ८ एप्रिलला ॲडमिरल आर्बथनॉटची जहाजं चांगला वारा आणि भरती साधून त्याच पामेटोच्या कोटाखालून, नांगर न टाकता, शिडं फुगवून सरळ बंदरात निघून गेली. मेलेले-जखमी मिळून २७. कोट होता तिथेच होता, तोफा चालल्याही, पण आता तो कशाच्याच वाटेत नव्हता. ७ मे रोजी त्यानं शरणागती दिली, १२ मे रोजी शहरानं, आणि शहरात कैद झालेल्या अधिकाऱ्यांत विल्यम मोल्ट्रीही होता.